जावेच्या बरं होण्याचे आभार

आधीच सांगते, ही साक्ष नाही. आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिलेलं माणूस आधी रडतं, मग देवानं कसं तारलं ते सगळं सांगतं आणि शेवट गोड करून खाली बसतं. माझा शेवट अजून आलेला नाही. छातीतल्या कॅन्सरसाठी किमो झाली, ऑपरेशन झालं, आता शेक, म्हणजे रेडिएशन, चालू आहे. पुढचं डॉक्टरांनाही माहीत नाही. मग लिहायला कशाला बसले? तर आमच्या महिला मंडळातल्या एका पोरीला नुकतीच गाठ निघाली. तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "विमलताई, तुम्हाला देवाचा राग नाही आला?" मी म्हटलं, "रागाचं काय घेऊन बसलीस, मी त्याच्याशी बोलतच नव्हते." हे ऐकून तिचा चेहरा इतका मोकळा झाला, की म्हटलं, लिहून टाकावं. तिच्यासारख्या आणखी असतील, तोंड मिटून बसलेल्या.

दोन गाठी

हर्सूलला आमचं घर आहे. खाली मी आणि माझे मालक. ते शाळेत क्लार्क होते, आता रिटायर झालेत. वर धाकटा दीर दानिएल आणि त्याची बायको रूथ. शिकायला शहरात आलेल्या पोरांना मी जेवणाचे डबे करून देते. माझी जीभ तिखट आहे आणि हात चवीचा आहे, असं चर्चमधली सगळी मंडळी म्हणते. दोन्ही खरं आहे.

महिला मंडळाच्या एका मीटिंगला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. छाती घरच्या घरी कशी तपासायची ते त्यांनी दाखवलं. आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसलो आणि घरी जाऊन गुपचूप तपासून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रूथ जिना उतरून आली. तोंड पांढरं पडलेलं. "ताई, मला इथं काहीतरी लागतंय हो."

मी म्हटलं, "तुला दर महिन्याला काहीतरी लागतंच." पण बघितलं, तर गाठ होती खरी. हरभऱ्याएवढी, बोटाखाली सरकणारी. तिला धीर दिला, चहा पाजला, वर पाठवलं. मग मी स्वतःला तपासलं. माझीही होती. सुपारीएवढी, आणि ती सरकत नव्हती.

त्याच संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आजाऱ्यांना तेल लावून प्रार्थना करायला आले. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. मी थोरली म्हणून तेलाचं बोट आधी माझ्या कपाळाला लागलं, मग तिच्या. प्रार्थना एकच, तेल एकच, वचन एकच. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं कित्येक दिवस मी हाच हिशेब देवापुढं मांडत होते. रांगेत मी आधी होते.

मी डॉक्टरकडं गेले. रूथ म्हणाली, "मी थोडं थांबते, भीती वाटते." कुणी तिला जोर केला नाही. माझी सुपारी बघून सगळ्यांचं लक्ष माझ्याकडंच लागलं होतं.

रिपोर्टचा दिवस

डॉक्टरांनी फाईल बंद केली आणि माझ्याऐवजी मालकांकडं बघून बोलायला सुरुवात केली. तेव्हाच मला समजलं. मी म्हटलं, "डॉक्टर, इकडं बघून बोला. गाठ माझी आहे." ते बिचारे ओशाळले. मग मला नीट सांगितलं. कॅन्सर आहे, ट्रीटमेंट आहे, लांबची आहे, हौसला ठेवा.

रिक्षात मालक माझा हात धरून बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रस्त्यात त्यांनी कधी हात धरला नव्हता. मला त्या हाताचीच भीती वाटायला लागली.

फाटकाशी उतरलो, तर वरून रूथ धावत आली. पायात चप्पल नाही, चेहरा नुसता फुललेला. "ताई, गेली! गाठ गेली! सकाळपासून बघते आहे, नाहीच!" मग तिनं आमची तोंडं बघितली आणि दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरले.

मी म्हटलं, "बरं झालं." आत गेले आणि कणीक भिजवायला घेतली. संध्याकाळचे डबे जायचे होते.

आता खरं सांगते. परातीत पाणी ओतताना माझ्या मनात कॅन्सर नव्हता, मरण नव्हतं, पोटची लेक पुण्याला आहे तिला कसं सांगायचं हेही नव्हतं. माझ्या मनात एकच होतं. तिची गेली. माझ्याआधी तिचं ऐकलं. ती चर्चला उशिरा येणारी, उपासाच्या दिवशी चोरून बिस्किट खाणारी, तिचं ऐकलं. मी कणकेला अशा बुक्क्या मारल्या, की मालक आत येऊन म्हणाले, "विमल, राहू दे." त्यांना वाटलं मी दुःखात आहे. मी हेव्यानं पेटले होते.

अबोला

पुढच्या रविवारी रूथनं साक्ष दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया म्हटलं. नंतर माझ्यासाठी प्रार्थना झाली, तेव्हा सगळ्यांचे आवाज खाली आले. आजाऱ्यासाठी लोक एक वेगळाच आवाज काढतात. तिच्यासाठी टाळ्या आणि माझ्यासाठी उसासे, तेही एकाच सभेत. मी समोरच्या बाकाच्या पाठीवरचा खिळा बघत बसले.

त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला.

अबोला कसा धरायचा हे मला कुणी शिकवायला नको. ज्याच्याशी धरला त्याच्या समोर वावरायचं, त्याचं सगळं काम वेळेवर करायचं, फक्त तोंड उघडायचं नाही. आणि आतून वाट बघायची, की तो कधी आधी बोलतो. मी चर्चला जायची. नाही गेले तर लोक पिशवीत सफरचंदं घेऊन घरी आले असते. उभं राहायचं तिथं उभी राहायची, बसायचं तिथं बसायची. गाणं सुरू झालं की ओठ मिटायची. जेवणाआधी मालक डोळे मिटून प्रार्थना म्हणायचे तेव्हा मी डोळे उघडे ठेवून चटणीकडं बघायची. लोकांना वाटायचं, अशक्तपणा आहे.

देव नाहीच, असं वाटलं असतं तर सुटले असते. पण तो आहे हे मला पक्कं माहीत होतं. तो आमच्याच घरात आला, वरच्या मजल्यावर जाऊन आला, आणि माझ्या दारावरून तसाच निघून गेला. मग मी का बोलू? त्यानं दार वाजवावं. माझी जिद्द अशी होती.

धाकट्या काकूंची आमटी

किमो सुरू झाली आणि फोडणीचा वास मला सहन होईना. मोहरी तडतडली की मी मोरीकडं पळायची. डबे बंद करावे लागतील असं दिसायला लागलं. रूथ म्हणाली, "ताई, मी करते की. तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं सांगा."

तिनं केलं. रोज माझ्या आधी उठून खाली यायची, माझ्याच चुलीवर माझ्याच कढईत भाजी करायची आणि मी खुर्चीवर बसून चुका काढायची. मीठ कमी, तेल जास्त, पोळी जाड. ती "हो ताई" म्हणायची. एकदा डबा परत द्यायला आलेला एक पोरगा दारातून ओरडला, "काकू, धाकट्या काकूंच्या आमटीला लई चव हाय!" रूथ आतून घाईनं म्हणाली, "ताईंच्याच हाताखाली शिकले मी." तिनं तसं म्हटल्यावर मला आणखीच राग आला. पोरगं खोटं बोललं असतं तर चाललं असतं. मी आमटी चाखून बघितली होती. तोंडाला चव नव्हती, सगळं लोखंडासारखं लागत होतं, तरी मला कळलं होतं की आमटी चांगली झाली आहे.

माझं डोकं भादरलं तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती. ती माझ्यासमोर आंबाडा घालून यायला लागली, म्हणजे मला दिसू नये. मला ते समजायचं, आणि त्याचाही राग यायचा. हेवा करणाऱ्या माणसाशी चांगलं वागणं लई अवघड आहे. काहीही केलं तरी चुकतंच.

लाल औषध

किमोच्या वॉर्डात खुर्च्यांची रांग असते. जिला जी मिळेल त्या खुर्चीत बसायचं, सलाईन लावून घ्यायची आणि घड्याळाकडं बघायचं नाही, हे पहिल्याच खेपेला शिकले. लाल रंगाचं एक औषध असतं. ते चालू असताना सिस्टर बर्फाचा तुकडा तोंडात धरायला द्यायची, तोंड कमी येतं म्हणून. त्या बर्फासाठी मी तिला आजही आशीर्वाद देते. पोटात काही टिकत नव्हतं, तेव्हा तो बर्फ टिकायचा.

माझ्या शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा नलूबाई असायची. पाचोडची. अंगणवाडीत मदतनीस आहे. एसटीनं यायची, डोक्याला जांभळा रुमाल, तोंडाचा पट्टा चालू. पहिल्याच भेटीत तिनं मला विचारलं, "कामून एवढी गाल फुगवून बसायलीस? सुई सगळ्यांलाच टोचायली."

मी तिला टाळायचा प्रयत्न केला, पण सलाईन लावलेलं माणूस जाणार कुठं? हळूहळू सगळं सांगून बसले. जाऊ, गाठ, तेल, साक्ष, अबोला. नलूबाईनं ऐकून घेतलं आणि खो खो हसली. सिस्टरनं मागं वळून बघितलं.

"हसायला काय झालं?" मी चिडले.

"बाई गं, तुझं बरंय," ती म्हणाली. "आम्ही बुद्धाची माणसं. आमच्यात देवच नाय. मला कॅन्सर झाला तवा भांडू कुणासंगं? नवऱ्यासंगं भांडले, तर तो बिचारा रडाया लागला. तुला भांडाया कुणीतरी हाये, अन् तू त्याच्यासंगं बोलंना! मला तर तुझा हेवा वाटायलाय."

माझा हेवा. डोक्यावर केस नाही, तोंडाला चव नाही, आणि हिला माझा हेवा वाटत होता. तिनं ब्लाऊजमधून चिंचेची गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसांत मला चव लागली ती तेवढीच.

तोंड आलंय

आता मूळ बखेडा सांगते. माझे सासरे उपदेशक होते. पैठण तालुक्यातल्या खेड्यांतून सायकलवर फिरायचे. त्यांनी घरात एक रीत घालून दिली होती. घरातलं कुणी दुखण्यातून उठलं, की आभारप्रार्थना ठेवायची, मंडळीला जेवायला बोलवायचं. पण आभार बरं झालेल्या माणसानं मानायचे नाहीत. त्याला लगेच वाटायला लागतं, आपल्यात काहीतरी खास आहे. आभार घरातल्या दुसऱ्यानं मानायचे, थोरल्यानं. सासरे गेले, सासूबाई गेल्या. बायकांमध्ये थोरली मी.

रूथच्या बरं होण्याचे आभार मी मानायचे होते.

ती विचारायला आली तेव्हा दोन्ही हात पुढं धरून उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी. "ताई, तुमच्या सवडीनं ठेवू. तुम्हाला बरं वाटेल त्या दिवशी."

मी म्हटलं, "माझं तोंड आलंय." तेव्हा ते खरंच आलं होतं. आतून सगळं सोललेलं, पाणीसुद्धा झोंबायचं. ती म्हणाली, "बरं होऊ द्या."

तोंड बरं झालं. मी कुणाला सांगितलं नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा म्हटलं, "तोंड आलंय." पण त्याच दुपारी मालकांनी मला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाताना बघितलं. ते ताटाशी उभे राहिले. म्हणाले, "तोंड आलंय ना?"

मी म्हटलं, "तुम्ही तुमचं बघा."

मालक कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "विमल, तुला राग देवाचा आहे की रूथचा, ते एकदा ठरव. दोघांचा राग एकटीला झेपायचा नाही."

दानिएलनं मात्र आवाज चढवला. जिन्यात उभं राहून, मला ऐकू जाईल असा. "दादा, वैनीला आमचं चांगलं बघवंना! दुसऱ्या कुणाला तरी सांगू. पाळकसाहेब मानतील आभार." आणि वरून रूथचा आवाज आला, "नाही. ताईच मानतील. नाहीतर ठेवायचीच नाही." मला वाटलं, बघा, चांगुलपणाचा किती आव आणते आहे.

जळत जळत सांग

एका तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सहज सांगितलं, "घरातल्या बायकांना सांगा, कुणाला गाठ लागली तर दाखवून घ्या. दुखत नाही म्हणून बसू नका." मी मान हलवली. आणि वॉर्डात येऊन बसले तेव्हा लक्षात आलं. रूथनं दाखवलंच नव्हतं. गाठ गेली म्हणाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणी तपासलंच नाही.

सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. का? तर तिला वाटलं असतं, ही जळते म्हणून शंका काढते. आणि दुसरं कारण त्याहून वाईट होतं. माझ्या मनात एक कोपरा असा होता, की ज्याला वाटत होतं, असू दे. निघू दे तिचीही. म्हणजे तिचं काही खास नव्हतं हे कळेल. आपल्या मनात असलं काही असू शकतं, हे बघून मला स्वतःचीच किळस आली. तरी मी गप्प होते.

नलूबाईला सांगितलं. या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "आजच सांगून टाक तिला."

"तिला वाटेल, मी जळते."

"जळायलीस तर हाईसच की. ती काय आंधळी हाये का? जळत जळत सांग. पण सांग."

रूथ

मी घरी आले. रूथ पोळ्या लाटत होती. मी खुर्चीवर बसले नाही, उभ्या उभ्याच बोलले. "रूथ, मी जळते तुझ्यावर. ते बाजूला ठेव. तू छाती दाखवून घे डॉक्टरला."

लाटणं थांबलं. मला वाटलं, आता भडकेल. ती खाली फरशीवर बसली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

"ताई, मी रोज आंघोळीला गेले की चाचपते. कधी वाटतं आहे, कधी वाटतं नाही. मला जेवण जात नाही हो. पण मी सगळ्यांसमोर साक्ष देऊन बसले. आता तपासायला गेले तर लोक म्हणतील, हिचा विश्वास नव्हता. ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, साक्ष दिल्यावर तपासायला जाणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं."

मी जिच्यावर जळत होते ती बाई गेले कित्येक महिने मोरीचं दार लावून भीत बसली होती. आणि खाली येऊन माझ्या पोळ्या लाटत होती, माझी बोलणी ऐकत होती.

"मग माझ्याकडूनच आभार मानून घ्यायचा हट्ट कशाला धरलास?" मी विचारलं.

तिनं नाक पुसलं. गालावर पीठ लागलं. "तुम्ही खोटं बोलत नाही ना ताई. मला वाटलं, तुम्ही आभार मानले म्हणजे ते खरंच झालं असेल."

मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "उठ," मी म्हटलं, "पोळी करपली." आणि करपलेली पोळी मी स्वतः उलटली. वास आला, पण मोरीकडं पळाले नाही.

पाण्याची गाठ

माझ्या पुढच्या किमोला रूथ सोबत आली. घरी तेवढंच सांगितलं होतं. मला सलाईन लावायच्या आधी तिची सोनोग्राफी करून घेतली. दोघी बाकावर बसलो होतो. ती माझा हात धरून बसली होती. माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहिते, कारण लिहायचं ठरवलं आहे. अर्धं मन म्हणत होतं, हिला काही होऊ नये. अर्धं गप्प बसलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "काही नाही. सगळं नॉर्मल आहे. पाण्याची गाठ असेल, जिरली. अशा जिरतात."

रूथ माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला वाईट वाटलं. आनंद झाला नाही असं नाही, पण आधी वाईट वाटलं. खरंच गेली होती. आता शंकेलासुद्धा जागा उरली नव्हती.

"तू बस, मी आले," म्हणून मी बाहेर आले. दवाखान्याच्या मागं जिथं गाड्या लावतात तिथं एक कठडा आहे. तिथं बसले आणि माझं तोंड उघडलं.

गाठ देवानं घालवली की आपोआप जिरली, हा वाद घालायला आमचे मालक आणि पाळकसाहेब समर्थ आहेत. माझा प्रश्न साधा होता. पाण्याची तर पाण्याची, पण तिचीच का पाण्याची? माझी का नाही? मोठ्यानं विचारलं. तेल मला आधी लागलं होतं! तुझ्या चर्चच्या सणांना इतकी वर्षं कोण स्वयंपाक करतं? ती तर कांदासुद्धा धड चिरत नव्हती! तू तिच्या दारात गेलास, माझ्या दारात का नाही आलास? मला मरायचं नाही. ऐकतोस का? मला मरायचं नाही. मला लेकीचं बाळंतपण करायचं आहे.

रखवालदार जवळ आला. "कुणासंगं बोलायलात, मावशी?" माझ्या हातात मोबाईल नव्हता, आजूबाजूला कुणी नव्हतं.

"घरच्याशी," मी म्हटलं. तो बिचारा मान हलवून गेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी बोलत होते. इतके महिने धरून ठेवलेला अबोला मीच मोडला होता. त्यानं आधी बोलावं म्हणून अडून बसले होते, आणि हरले. उत्तर काही आलं नाही. पण मी एकटीच बडबडते आहे, असं एकदाही वाटलं नाही. समोर कुणीतरी बसून सगळं ऐकून घेत होतं, मध्ये न बोलता. माझे मालक ऐकतात तसं. मी पोट भरून रडले. मग डोक्याचा रुमाल नीट केला आणि आत जाऊन सलाईन लावून घेतली. नलूबाईनं माझे डोळे बघितले आणि म्हणाली, "भांडलीस वाटतं. लई बरं झालं."

आभार

आभारप्रार्थना शनिवारी संध्याकाळी ठेवली. पुढच्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. माणसं दारापर्यंत बसली होती. रूथनं पुलाव केला होता आणि तो माझ्यापेक्षा चांगला झाला होता. दानिएल माझ्याकडं न बघता ग्लास वाटत होता. त्याला रूथनं तपासणीचं सगळं सांगितलं होतं.

हेवा गेला असेल म्हणून कुणी वाट बघत असेल, तर नाही गेला. सकाळीच रूथ ओले केस पुसत जिना उतरली होती आणि मी तोंड फिरवून घेतलं होतं. मला वाटायचं, आधी मन साफ होईल, मग मी आभार मानीन. मन काही साफ झालं नाही. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं आणि मला तसंच उठावं लागलं.

मी उभी राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. मालकांनी मिटले नाहीत, ते माझ्याकडं बघत होते. कुणीतरी खोकलं. रूथ समोर मान खाली घालून बसली होती आणि तिच्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. तिला भीती होती, मी बसून जाईन. मलाही तीच भीती होती.

मग मी बोलले. जसं बोलले तसंच लिहिते.

"प्रभू, तू रूथला बरं केलंस. आम्ही तपासून बघितलं, ती खरंच बरी आहे. तिला भीती वाटायची, ती आता गेली. म्हणून या घराच्या वतीनं मी तुझे आभार मानते. हे म्हणायला मला फार दिवस लागले. मला तिचा हेवा वाटत होता, आत्ता उभी आहे तरी वाटतो आहे. तुला माहीतच आहे, लोकांना आज कळलं. तिला दिलंस ते मला पाहिजे होतं. अजूनही पाहिजे आहे, मी मागणं सोडलेलं नाही. पण तिला दिलंस ते चांगलंच केलंस."

इथं थांबायचं, असं मी ठरवून आले होते. एवढंच सुद्धा माझ्या मानानं लई झालं होतं. पण कुणी 'तसंच होवो' म्हणून आमेन म्हणायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं:

"आणि माझं काय करायचं, ते तू ठरव."

हे मी ठरवलेलं नव्हतं. मला हे म्हणायचंच नव्हतं. आजारपण सुरू झाल्यापासून मी हे एक वाक्य सोडून बाकी सगळं म्हणायला तयार होते. मी घाईनं तोंड उघडलं, थांबा म्हणावं, ते शेवटचं धरू नका म्हणावं. पण रूथ मोठ्यानं "आमेन" म्हणाली, तिच्यामागं दानिएल म्हणाला, आणि मग सगळी खोली म्हणाली. आता फिरवायला जागाच उरली नव्हती.